सुटकेची वाट

ज्वालामुखी म्हटला, की तापलेल्या लाल रसाचे लोट आपल्या डोळ्यांपुढे उभे राहतात. या रसाला लाव्हा म्हणतात. त्याच्या वाटेत जे येईल ते जळून खाक होते, हे खरे; परंतु लाव्हा बहुधा मंद गतीने वाहतो आणि माणसाला त्याच्यापासून दूर जाण्यास अवधी मिळतो. ज्वालामुखीच्या आसपास राहणाऱ्या लोकांना खरी भीती पुष्कळदा निराळीच असते. डोंगरमाथ्यावरील वितळलेल्या बर्फाचे किंवा पावसाचे पाणी राखेत व दगडमातीत मिसळले, म्हणजे चिखलाचा प्रचंड लोंढा तयार होतो आणि नदीच्या पात्रातून गर्जना करीत खाली येतो. अशा लोंढ्याला 'लाहार' म्हणतात. हा शब्द मूळचा जावा बेटातील लोकांच्या भाषेतला. आता जगभरच्या शास्त्रज्ञांनी तो आपलासा केला आहे.

दक्षिण अमेरिकेतील कोलंबिया या देशात नेवादो देल रुईझ नावाचा ज्वालामुखी आहे. त्याची उंची सुमारे ५,३०० मीटर असून, विषुववृत्ताजवळ असूनही त्याच्या माथ्यावर बारमाही बर्फ असतो. या ज्वालामुखीच्या मुखापासून नदीच्या वाटेने सुमारे ७० किलोमीटर अंतरावर, लागुनिया नदी डोंगरातून सपाटीवर उतरते तेथे, आर्मेरो नावाचे भरभराटलेले गाव होते. भोवती कापसाची व भाताची शेते होती. ही जमीन इतकी सुपीक का, याचे कारण फार थोड्यांच्या ध्यानात होते. जुन्या काळी याच नदीने वाहून आणलेल्या लोंढ्यांच्या गाळावर ते गाव वसले होते! १८४५ साली अशाच एका लोंढ्यात सुमारे एक हजार माणसे दगावली होती. पण शे-सव्वाशे वर्षांत माणसे विसरतात. नदी मात्र आपली जुनी वाट सोडत नाही.

१९८४ सालच्या अखेरीस हा डोंगर पुन्हा धुमसू लागला. शास्त्रज्ञांनी पाहणी केली आणि ऑक्टोबर १९८५ मध्ये धोक्याच्या प्रदेशाचा नकाशा तयार केला. त्या नकाशात आर्मेरो गाव लोंढ्याच्या वाटेवर असल्याचे दाखविले होते. परंतु इशारा कोणी द्यावा, तो ऐकून लोकांनी कोणत्या वाटेने आणि कोठवर जावे, याचा निश्चित बेत घरोघर पोचला नाही. गाव हलवले आणि काहीच घडले नाही तर खर्च व त्रास वाया जाईल, अशीही धास्ती अधिकाऱ्यांना होती.

१३ नोव्हेंबर १९८५ रोजी दुपारी ज्वालामुखीने राख उधळली. ती आर्मेरोच्या छपरांवरही पडू लागली. लोकांनी शांत राहावे, घरातच थांबावे, असे त्यांना सांगण्यात आले. रात्री नऊ वाजून गेल्यावर मोठा स्फोट झाला. माथ्यावरील बर्फाचा सुमारे दहावा हिस्सा वितळला आणि चिखलाचे लोंढे दऱ्यांतून निघाले. बाहेर पाऊस कोसळत होता. रात्री साडेअकराच्या सुमारास लोंढा आर्मेरोत शिरला आणि पाहता पाहता गाव चिखलाखाली गेले. त्या रात्री एकूण सुमारे २३,००० माणसे मृत्युमुखी पडली.

मुलांनो, स्फोट आणि लोंढा यांच्या दरम्यान सुमारे अडीच तासांचा वेळ होता. गावापासून थोड्याच अंतरावर उंच जमीन होती. चालत जाऊनही तेथे पोचता आले असते. नकाशा होता, वेळ होता, सुरक्षित जागाही होती. नव्हती ती एकच गोष्ट : आधी ठरलेली आणि सर्वांना ठाऊक असलेली वाट.

आता दुसरी हकिगत पाहा. फिलिपीन्स देशातील लुझोन बेटावर पिनातुबो नावाचा ज्वालामुखी सुमारे पाचशे वर्षे निद्रिस्त होता. एप्रिल १९९१ मध्ये त्यातून वाफ व राख बाहेर पडू लागली. तेथील व अमेरिकेतील शास्त्रज्ञांनी मिळून नकाशा तयार केला. केवळ नकाशा दाखवून ते थांबले नाहीत. तप्त राखेचे ढग व चिखलाचे लोंढे कसे असतात, हे दाखविणारा चित्रपट त्यांनी अधिकाऱ्यांना व लोकांना दाखविला. तो मोरिस व कातिया क्राफ्ट या फ्रेंच शास्त्रज्ञ दांपत्याने तयार केला होता. पुढे ३ जून १९९१ रोजी जपानमधील उन्झेन ज्वालामुखीचे चित्रण करीत असतानाच त्या दोघांचा अंत झाला.

पिनातुबोचा धोका जसजसा वाढत गेला, तसतसे भोवतालच्या दहा, वीस, तीस आणि अखेर चाळीस किलोमीटरपर्यंतच्या वर्तुळातील लोकांना बाहेर पडण्यास सांगण्यात आले. १५ जून रोजी महास्फोट झाला, तेव्हा हजारो कुटुंबे दूर गेलेली होती. त्याच दिवशी वादळ आले. पावसाने भिजून जड झालेल्या राखेखाली छपरे कोसळली आणि शेकडो लोक दगावले. तथापि वेळेवर केलेल्या स्थलांतरामुळे हजारो प्राण वाचले.

सुटकेची वाट आखताना पुष्कळ गोष्टींचा विचार करावा लागतो. पूर्वीचे लोंढे कोठवर आले होते, हे प्रथम जमिनीतील थरांवरून शोधावे लागते. नदीकाठचा रस्ता सोयीचा दिसला तरी तो टाळावा लागतो, कारण लोंढा त्याच दरीतून येतो. लोंढ्यापुढे खाली धावत जाण्यात अर्थ नसतो. दरीच्या बाजूस, जवळच्या चढावर जाणे हेच शहाणपणाचे. पूल वाहून गेला तर दुसरी वाट कोणती? रात्री वीज गेली तर इशारा कसा पोचणार? म्हाताऱ्यांना, आजाऱ्यांना व तान्ह्या मुलांना कोण नेणार? गुरांचे काय करायचे? या प्रश्नांची उत्तरे संकट येण्यापूर्वीच तयार असावी लागतात.

उत्तरे कागदावर राहिली तरी उपयोग नाही. ती पायांच्या सवयीची झाली पाहिजेत. जपानमधील साकुराजिमा या ज्वालामुखीचा १२ जानेवारी १९१४ रोजी भयंकर उद्रेक झाला. त्याची आठवण ठेवून तेथे दरवर्षी स्थलांतराचा सराव केला जातो. डोंगर शांत दिसत असला, तरी लोक कामे बाजूला ठेवून ठरलेल्या वाटेने निघतात. तेथील शाळेतली मुले तर डोक्यावर शिरस्त्राण घालून रोज शाळेत जातात.

ज्वालामुखीचा उद्रेक थांबविणे माणसाच्या हाती नाही. मात्र तो होण्याआधी वाट शोधणे, ती सर्वांना दाखविणे आणि तिच्यावरून एकदा तरी चालून पाहणे, हे पूर्णपणे त्याच्या हाती आहे.

स्वाध्याय

१. आर्मेरोच्या सुपीक जमिनीतच त्या गावाचा धोका कसा दडलेला होता?
२. आर्मेरो व पिनातुबो येथील हकिगतींत कोणता फरक तुम्हांस आढळतो?
३. लोंढा येत असता नदीकाठच्या रस्त्याने का जाऊ नये?
४. आपल्या शाळेतून मोकळ्या व सुरक्षित जागेकडे जाणाऱ्या दोन वाटांचा नकाशा काढा. त्यांपैकी एक बंद झाली तर काय कराल, ते पाच-सहा वाक्यांत लिहा.