रंगाच्या आधीचं काम

अगं, स्वयंपाकघरातली ती जुनी कपाटं काढून टाकायचं तुझ्या मनात घोळतंय, हे मला ठाऊक आहे. शेजारी मॉड्युलर किचन आलं की आपल्या घरातली काळवंडलेली दारं डोळ्यांत खुपायला लागतात. पण तुझ्या लालबागच्या घरात सासऱ्यांनी ताप्ती मिलच्या नोकरीत असताना सागवानाचं काम करून घेतलंय. तसं लाकूड आज घ्यायला गेलीस तर भाव ऐकूनच परत येशील. चौकट सरळ आणि टणक असेल तर तिला हात लावू नकोस, नवं रूप तू स्वतः देऊ शकतेस. फक्त ब्रश उचलायची घाई करू नकोस. कपाट टिकतं ते रंगाच्या आधी केलेल्या कामावर.

पहिल्यांदा सगळे खण रिकामे कर आणि नीट बघ. फळीवर बोटाने टकटक कर. पोकळ आवाज आला, कोपऱ्यात मातीच्या बारीक नळ्या दिसल्या, तर ती वाळवी. तिच्यावर रंग चढवलास तर ती आत खातच राहील, म्हणून आधी तिचा बंदोबस्त करून घे. सिंकखालचा खण वेगळा तपास. तिथलं प्लाय फुगून पापुद्रे सुटले असतील तर ते वाचत नाही. तेवढा तुकडा सुताराकडून बदलून घे आणि तिथे ७१० नंबरचं मरीन प्लायच माग. आणि त्याआधी गळका पाइप दुरुस्त कर, नाहीतर नवीन प्लायही जाईल.

आता एक गोष्ट मोठी बहीण म्हणून बजावून सांगते. आपल्याकडे घरगुती रंगांत शिशाचं प्रमाण ९० पीपीएमच्या वर असू नये, हा नियम १ नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाला. तुझ्या कपाटांवरचे थर त्याच्या कितीतरी आधीचे आहेत. त्यात शिसं असू शकतं, असंच धरून चाल. तो रंग कोरडा घासलास की बारीक धूळ उडते, भांड्यांवर बसते, रांगत्या पोराच्या हाताला लागते. शिसं लहान मुलांच्या मेंदूला बाधतं आणि पोटातल्या बाळालाही. म्हणून वॉटर पेपर घे, पाण्यात बुडवून ओलंच घास, तोंडाला चांगला मास्क बांध. खाली प्लास्टिक अंथर आणि काम झालं की झाडू न मारता ओल्या फडक्याने पुसून काढ. जुना रंग घट्ट बसलेला असेल तर खरवडून लाकडापर्यंत जायची गरजच नाही. त्याची चकाकी मोडली की पुरे, नवा रंग त्यावर धरतो. तुझ्या जावेला दिवस गेलेत ना? घासकाम चालू असेल त्या दिवसांत तिला आणि पोरांना स्वयंपाकघरात फिरकू देऊ नकोस.

घासण्याच्याही आधी चिकटा काढायचा. फोडण्यांचा हा तेलकट थर राहिला तर कुठलाच रंग धरत नाही. दारं काढून अंगणात ने, हँडलं सोडव. कोमट पाण्यात धुण्याचा सोडा घाल, हातमोजे चढव आणि फडक्याने पूस. मात्र सोडा रंगवलेल्या दारांवरच वापर. उघड्या सागाला तो काळं करतो आणि अॅल्युमिनियमची हँडलंही काळी पडतात. साग तसाच ठेवायचा असेल तर साबणाचं पाणी पुरे. नंतर साध्या पाण्याने दोनदा पुसून लगेच कोरडं कर. आपल्या भागातलं पाणी क्षारांचं. रहीम खानखानांच्या वेळी, १६१५ साली बांधलेल्या कुंडी भंडाऱ्याच्या भुयारी पाणवाटेत उतरलीस तर भिंतींवर चुनखडीचे थर दिसतातच. तसलं पाणी दारावर वाळू दिलंस तर पांढरी साय उरते आणि प्राइमर तिथेच सोलून निघतो.

ढिल्या बिजागऱ्यांना घाबरू नकोस. स्क्रूचं भोक मोठं झालं असेल तर काडेपेटीच्या काड्यांची टोकं मोडून त्या फेविकॉलमध्ये बुडव, भोकात ठासून भर आणि रात्रभर सुकू दे. सकाळी त्यातच स्क्रू फिरव, घट्ट बसतो. हँडल विकत घेताना जुन्या हँडलच्या दोन भोकांमधलं अंतर मोजून ने, बहुधा ९६ किंवा १२८ मिलिमीटर निघेल. तेच माप मिळालं तर नवी भोकं पाडावी लागत नाहीत.

मग खाचांत लांबी (पुट्टी) भर. वाळल्यावर १२० नंबरचा पेपर मार, एक हात प्राइमर दे, २२० नंबरने हलकं घास आणि मगच इनॅमलचे दोन पातळ हात. दोन हातांमध्ये एक अख्खा दिवस जाऊ दे. वैशाखातल्या उन्हात रंग ब्रशवरच आटतो आणि श्रावणात लाकूड फुगलेलं असतं, म्हणून दसऱ्यानंतरचे कोरडे दिवस धर, काम सकाळी कर. थिनर भडकन पेटतो, तेव्हा गॅसचा रेग्युलेटर बंद ठेव, देवासमोरचा दिवाही थांबव. खणांच्या आतून रंग देऊच नकोस. गहू-ज्वारीला वास लागतो.

सगळी दारं एकदम उतरवू नकोस गं. ओट्याखालचं, कोपऱ्यातलं, पाहुण्यांच्या नजरेत न येणारं एकच दार आधी घे. त्यावर आठवडाभर कुकरची वाफ जाऊ दे, ओले हात लागू देत. नखाने खरवडून बघ. रंग जागचा हलला नाही, तर बाकीची दारं बिनधास्त उतरव. आणि निघालाच, तर चिकटा राहिला असणार. एका दारावर ते कळलेलं बरं.