पानातली उधारी

'प्रकाशसंश्लेषण' हा शब्द शाळेत आम्ही घोकून पाठ केला होता. लांब आहे, म्हणून तोडून वाचा: प्रकाश + संश्लेषण. संश्लेषण म्हणजे जोडून नवीन काही बनवणं. गंमत अशी, की जोडण्याआधी झाडाला पाणी तोडावं लागतं. तुम्ही आत्ता घेतलेल्या श्वासातला ऑक्सिजन त्यातूनच आला.

पाणी तोडतो कोण? पानातला एक अगदी छोटा पुंजका. त्यात मँगनीजचे चार अणू, कॅल्शियमचा एक आणि ऑक्सिजनचे पाच.

1969 मध्ये फ्रान्सच्या पिएर जोलियो यांनी अंधारात ठेवलेल्या हरितलवकांवर प्रकाशाचे झटपट झोत टाकले. पहिल्या दोन झोतांना ऑक्सिजन जवळजवळ नाहीच. तिसऱ्याला भरपूर! मग सातव्याला, अकराव्याला. पुढच्या वर्षी बेसेल कोक यांनी हिशोब लावला. दर झोताला पुंजका एक इलेक्ट्रॉन उधार देतो. चार दिले, की पाण्याकडून चारही वसूल करतो आणि ऑक्सिजन सुटतो. (मग पहिल्यांदा तिसऱ्यालाच का? कारण अंधारातही बहुतेक पुंजके एक पायरी चढून बसलेले असतात.)

हिशोब छान, पण मँगनीज खरंच हे करतो हे दाखवायचं कसं? इथे ईपीआर नावाची पद्धत आली. जोडीदार नसलेला इलेक्ट्रॉन म्हणजे चिमुकलं लोहचुंबक. नमुना मोठ्या चुंबकात ठेवून त्यावर मायक्रोवेव्ह सोडतात. हो, ओव्हनमधल्यांच्याच जातीच्या लहरी! ठरावीक चुंबकीय क्षेत्रात इलेक्ट्रॉन त्या शोषतो आणि आलेखावर रेषा उमटते. मँगनीजचा अणुगर्भसुद्धा चुंबकासारखा वागतो, त्यामुळे एकट्या मँगनीजच्या सहा रेषा दिसतात.

1981 मध्ये डिसम्यूक्स आणि सिडरर यांनी पालकाच्या हरितलवकांवर झोत टाकून ती लगेच गोठवली. रेषा सहा नव्हत्या, निदान सोळा होत्या! म्हणजे मँगनीज एकटा नव्हता, त्याचे अणू एकमेकांशी बांधलेले होते. ही खूण पहिल्या झोतानंतर ठळक दिसली, आणि पुन्हा पाचव्यानंतर. इथेही चाराचाच फेरा.

2011 मध्ये जपानी शास्त्रज्ञांनी क्ष-किरणांनी पुंजक्याचा नेमका आकार दाखवला. तो वाकड्या खुर्चीसारखा आहे. पण क्ष-किरण मँगनीजला जास्तीचे इलेक्ट्रॉन देऊन उधारीची वहीच बिघडवू शकतात. मायक्रोवेव्ह तसं करत नाहीत, म्हणून ईपीआर अजून लागतंच.

शब्दार्थ: हरितलवक – पानाच्या पेशीतला हिरवा कण, वसूल करणे – दिलेलं परत घेणे.

सांगा पाहू: अकराव्यानंतर भरपूर ऑक्सिजन कितव्या झोताला येईल?