मधुमेह आणि यकृतातील चरबी : फळ खावे, रस टाळावा

सोनोग्राफीत यकृतावर चरबी दिसली किंवा रक्तातील साखर वाढलेली आढळली, की अनेक घरांत दोन निर्णय तातडीने होतात. ताटातील फळे बंद होतात, आणि अंगात ताकद यावी म्हणून रुग्णाला रोज पेलाभर मोसंबीचा रस सुरू होतो. हे दोन्ही निर्णय उलटे आहेत.

फळांच्या गोडीत फ्रुक्टोज नावाची साखर असते. तिच्यावरील प्रक्रिया मुख्यतः यकृतात होते. ती एकदम मोठ्या प्रमाणात आणि वारंवार येऊ लागली, तर यकृत तिच्या काही भागाचे चरबीत रूपांतर करते. अख्खे फळ चावून खाल्ल्यास त्यातील तंतूंमुळे साखर रक्तात सावकाश उतरते आणि पोटही भरते. पेलाभर रसासाठी तीन-चार मोसंबी लागतात. तेवढी एका बैठकीत सोलून खाणे सहसा कोणाला जमत नाही; रस मात्र दोन मिनिटांत संपतो आणि चोथा गाळणीत राहतो. घरी काढलेला, वरून साखर न घातलेला रसही याला अपवाद नाही.

राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२४ च्या मार्गदर्शक तत्त्वांत प्रौढांच्या रोजच्या आहारात सुमारे १०० ग्रॅम फळे सुचविली आहेत. एक मध्यम पेरू, लहान सफरचंद किंवा पपईच्या वाटीभर फोडी म्हणजे साधारण तेवढे प्रमाण होते. पेरू स्वस्त आहे, त्यात तंतू भरपूर असतात; महागड्या परदेशी फळांसाठी खर्च करण्याचे कारण नाही.

आंबा, केळे, चिकू, सीताफळ यांविषयी आपणांस सर्वाधिक शंका असतात. त्यांवर सरसकट बंदी नाही, परंतु प्रमाण कमी ठेवावे लागते आणि ती जेवणावर अधिकची म्हणून खाऊ नयेत. अर्धा आंबा घ्यावयाचा असेल, तर त्या जेवणातील एक पोळी किंवा अर्धी वाटी भात कमी करावा. आमरस-पुरीच्या पंगतीत हे गणित टिकत नाही, कारण वाटीत किती आंबे उतरले हे वाढणाऱ्यालाही ठाऊक नसते. घरी ग्लुकोमीटर असल्यास फळ खाण्यापूर्वी व दोन तासांनी साखर तपासावी; एकाच फळाचा परिणाम प्रत्येकावर सारखा होत नाही. खजूर व मनुका यांतील पाणी आटलेले असल्याने मूठभर खाणेही जास्त होते.

जांभूळ अवश्य खावे. मात्र त्याच्या बियांची पूड घेत आहोत म्हणून मधुमेहाची औषधे स्वतःहून बंद करू नयेत.

मूत्रपिंडाचा विकार असल्यास कोणती फळे चालतील हे डॉक्टरांना विचारूनच ठरवावे. अशा रुग्णांनी कमरख हे चांदणीच्या आकाराचे फळ मुळीच खाऊ नये. ते त्यांच्या जिवावर बेतू शकते.

रसाला स्थान आहे ते एकाच प्रसंगी. मधुमेहाची औषधे घेणाऱ्या व्यक्तीस घाम, थरथर, घबराट जाणवली आणि साखर ७० मिलिग्रॅमपेक्षा खाली गेली, तर अर्धा पेला रस किंवा तीन चमचे साखर पाण्यातून लगेच द्यावी व १५ मिनिटांनी पुन्हा तपासावे. व्यक्ती शुद्धीवर नसल्यास तोंडात काहीही घालू नये. १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी.