तांबी बसवायला सही कुणाची?

भगिनींनो, वस्तीतल्या तपासणी शिबिरात एकवीस वर्षांची एक सून सगळ्यांत शेवटपर्यंत थांबली होती. कडेवर नऊ महिन्यांची लेक, हिमोग्लोबिन ८. हळूच म्हणाली, "ताई, तांबी बसवायचीय. पण सासूबाई म्हणतात, आधी नातू दे. ह्यांची सही लागेल ना?"

आम्हाला आमचीच चूक आठवली. दवाखान्यात नोकरीला असताना आम्हीही "नवऱ्याला घेऊन ये" म्हणून कितीतरी जणींना परत पाठवले. कायद्यात तसे काही नव्हते. ती आमची सवय होती. त्यांतल्या काही परत आल्या, त्या दिवस राहिल्यावरच.

म्हणून नीट लक्षात ठेवा. तांबी, 'अंतरा' इंजेक्शन (दर ३ महिन्यांनी) किंवा 'छाया' गोळ्या घ्यायला सज्ञान स्त्रीला नवऱ्याची सही लागत नाही. सरकारी दवाखान्यात ही साधने मोफत मिळतात. १९७१ च्या कायद्यानुसार गर्भपातासाठीही, १८ वर्षे पूर्ण असतील तर, तिची स्वतःची संमती पुरेशी आहे. तिचे नाव गुप्त ठेवणे डॉक्टरांवर बंधनकारक आहे.

पाहायला हवे ते सहीकडे नव्हे, रक्ताकडे. हिमोग्लोबिन किमान १२ हवे. ८ वर पुन्हा दिवस राहिले तर बाळंतपणातला थोडा रक्तस्रावही जिवावर बेतू शकतो. तांबीने पाळीत रक्त जास्त जाऊ शकते, म्हणून अशा वेळी कोणते साधन योग्य ते डॉक्टरांना विचारून ठरवा. लोहाच्या गोळ्या लिंबूपाण्यासोबत घ्या, चहासोबत नको. दोन बाळंतपणांत ३ वर्षांचे अंतर ठेवा.

घरी काय सांगायचे? मुलगा की मुलगी, हे पुरुषाच्या बीजावर ठरते. सुनेला दोष देऊ नका. सासूबाईंना रिपोर्टसह आमच्याकडे आणा. त्यांनीही सुनेचे दिवस काढलेले असतात. रिपोर्ट समजावला की पुष्कळ जणी ऐकतात. मारहाण होत असेल तर मात्र समजावत बसू नका, १८१ ला फोन करा.

१९३८ साली मुंबईच्या विधिमंडळात बाबासाहेबांच्या पक्षाने संततिनियमनाचा ठराव मांडला, तो फेटाळला गेला. आज साधने दारात आहेत, तरी आपल्याच घरात सून परवानगी मागत उभी आहे. तो ठराव आता आपल्या घरात मंजूर करू या.

जयभीम!