सिमेंट नको, चुनाच बरा

प्रश्न : उरवड्यातलं आजोबांचं घर आम्ही भावंडं मिळून दुरुस्त करतोय. भिंती दगड-मातीच्या, वर कौलं. सिमेंटचा गिलावा करावा का?

उत्तर : मुळीच नको. मुळशीच्या पावसात अशी भिंत ओल पिते आणि उघडिपीत सोडते; सिमेंट ती आतच कोंडतं, मग पोपडे सुटतात. चुन्याचा गिलावा करा. त्याआधी तुळयांची भिंतीत शिरलेली टोकं दाभणाने टोचून पाहा; लाकूड भुसभुशीत लागलं तर कूज किंवा वाळवी आहे. कौलं उतरवणं, धुणं, जुना गिलावा खरवडणं घरच्यांनी खुशाल करावं. आढ्याला मात्र सुताराशिवाय हात लावू नका. मृगाआधी कौलं परत चढायलाच हवीत. आणि हो, ग्रामपंचायतीतून नमुना आठचा उतारा काढा. चुलत्यांची नावं असतील तर संमती लेखी घ्या.