राखीव प्रतीची वाट : लॅपटॉप सुरू होतानाच्या अडचणी व त्यांचे निवारण

शाळेच्या लॅपटॉपमध्ये हल्ली पटनोंदी, गुणपत्रके आणि हजेरीचे तक्ते साठविलेले असतात. जागरूक शिक्षक त्यांची राखीव प्रत, म्हणजेच बॅकअप, वेगळ्या डिस्कवर घेऊन ठेवतो व ती परत उतरविण्याचे साधन एका पेन ड्राइव्हवर तयार करतो. तथापि एखाद्या सकाळी विंडोज उघडेनासे होते. पेन ड्राइव्ह लावला तरी संगणक त्याची दखल घेत नाही. प्रत आहे, साधनही आहे; परंतु साधनापर्यंत जाण्याची वाट सापडत नाही. अशा वेळी घाईने विंडोज नव्याने बसविले गेले, तर प्रतीत न आलेले अलीकडचे काम कायमचे नाहीसे होण्याचा संभव असतो. म्हणून ही वाट संकटापूर्वीच परिचयाची करून घेतली पाहिजे.

वाट कोठे आहे?

वीज मिळताच प्रथम विंडोज जागे होत नाही. यंत्रातच बसविलेली यू.ई.एफ.आय. ही मूळ व्यवस्था जागी होते. कोणत्या डिस्कवरून पुढील काम चालावयाचे, हे ती ठरविते. राखीव साधन निवडण्याची संधी त्या अल्प क्षणातच मिळते. डेल व लेनोव्हो यांच्या बहुतेक लॅपटॉपवर याकरिता एफ १२ ही कळ असते, एच.पी.वर सामान्यतः एस्केप व नंतर एफ ९ दाबावी लागते. बटण दाबल्याबरोबर कळ पुनःपुन्हा दाबीत राहावे. या कळांवर आवाज व उजेड यांची कामे सोपविलेली असल्यास एफ.एन. ही कळ सोबत धरावी.

अडचणी व उपाय

१. कळ दाबूनही यादी दिसत नाही. २०१२ साली आलेल्या विंडोज ८ पासून ‘फास्ट स्टार्टअप’ ही सोय आहे. तिच्यामुळे ‘शट डाउन’ केले तरी विंडोजचा काही भाग डिस्कवर जपून ठेवला जातो आणि यंत्र झटपट सुरू होते. मूळ व्यवस्थेतही ‘फास्ट बूट’ असल्यास यू.एस.बी. साधनांची तपासणी गाळली जाऊ शकते. विंडोजचा प्रवेशपडदा येत असेल, तर शिफ्ट कळ धरून ‘रीस्टार्ट’ निवडावे. निळ्या पडद्यावर ‘यूज अ डिव्हाइस’ दिसल्यास त्यातून पेन ड्राइव्ह निवडता येतो.

२. यादी दिसते, पण पेन ड्राइव्ह तीत नाही. तो हबमधून न लावता थेट यंत्राला लावावा व दुसरे छिद्रही वापरून पाहावे. यू.ई.एफ.आय.ला फॅट ३२ ही मांडणी खात्रीने वाचता येते. अन्य मांडणी असल्यास दुसऱ्या संगणकावर साधन नव्याने तयार करावे.

३. पेन ड्राइव्ह दिसतो, पण नाकारला जातो. ‘सिक्युअर बूट’ ही रक्षणव्यवस्था विश्वासार्ह स्वाक्षरी असलेले साधनच चालू देते. जुने साधन असल्यास प्रथम त्याची नवी आवृत्ती तयार करावी. ही व्यवस्था बंद करणे हा शेवटचा उपाय होय; काम होताच ती पुन्हा चालू करावी.

४. साधन उघडते, पण आतील डिस्क दिसत नाही. इंटेलच्या काही यंत्रांत डिस्क वाचण्यासाठी वेगळा ड्रायव्हर लागतो. तो साधनात घालून घ्यावा. घाबरून डिस्कची पद्धत बदलू नये. तसे केल्यास विंडोज सुरू होईनासे होऊ शकते.

एक सावधगिरी

डिस्क बिटलॉकरने कुलूपबंद असेल, तर मूळ व्यवस्थेत बदल केल्यावर ४८ अंकी पुनःप्राप्ती किल्ली मागितली जाऊ शकते. ती नसेल तर डिस्कवरील मजकूर हाती येत नाही. म्हणून कोणताही बदल करण्यापूर्वी किल्ली कागदावर उतरवून ती लॅपटॉपपासून निराळी, कुलपात ठेवावी.

रंगीत तालीम

प्रत्येक सत्राच्या आरंभी निरोगी यंत्रावरच हे साधन एकदा उघडून पाहावे. आतील डिस्क व राखीव प्रत दोन्ही दिसतात याची खात्री करावी आणि काहीही न उतरविता बाहेर पडावे. कोणती कळ, कोणते छिद्र व तपासणीची तारीख या तीन गोष्टी एका कार्डावर लिहून ते राखीव डिस्कजवळ ठेवावे. बदलीने येणाऱ्या नव्या शिक्षकासही त्या कार्डावरून वाट सापडेल. जी प्रत वेळेवर उघडता येत नाही, ती असून नसल्यासारखीच होय.

अभ्यासासाठी प्रश्न

१. आपल्या शाळेच्या लॅपटॉपवर साधननिवडीची कळ कोणती आहे, ते प्रत्यक्ष करून पाहा.
२. ‘शट डाउन’ व ‘रीस्टार्ट’ यांतील भेद सहकाऱ्यास समजावून सांगा.
३. बिटलॉकरची किल्ली कोठे ठेवली आहे, हे शाळेतील आणखी एका जबाबदार व्यक्तीस ठाऊक आहे काय?