रस घट्ट कसा होतो?

मुलांनो, रंगीत पाकिटात मिळणारी, अस्वलाच्या आकाराची ती लवचीक गोळी तुम्ही खाल्ली असेलच. बोटांनी दाबली की दबते, सोडली की पुन्हा पहिल्यासारखी होते. दाताखाली रबरासारखी लागते आणि चघळता चघळता जिभेवर विरघळून जाते. तिला 'गमी' म्हणतात. गम म्हणजे डिंक. परंतु आजच्या बहुतेक गोळ्यांचा डिंकाशी नावापुरताच संबंध उरला आहे. जर्मनीतील बॉन शहरात हान्स रीगेल या मिठाई बनविणाऱ्या गृहस्थाने १९२२ साली अशी अस्वले प्रथम बाजारात आणली.

ही गोळी घरी फळांच्या रसापासून करता येईल काय? येईल, आणि फारशी खटपट न करता येईल. मात्र 'घरी केली म्हणजे पौष्टिक झाली' असे जे सरसकट म्हटले जाते, ते कितपत खरे आहे हेही आपण त्याबरोबर तपासू या.

प्रथम बाजारातले पाकीट घ्या आणि मागची बाजू वाचा. घटक पदार्थांची यादी वजनाच्या उतरत्या क्रमाने छापावी असा आपल्या देशात नियम आहे. म्हणजे जे सर्वांत जास्त ते सर्वांत आधी. बहुतेक पाकिटांवर पहिली दोन नावे साखर आणि ग्लुकोजचा पाक यांचीच आढळतील. पुढे जिलेटीन, सायट्रिक आम्ल, रंग आणि स्वाद. पाकिटाच्या दर्शनी बाजूस संत्र्याचे मोठे चित्र असते; संत्र्याचा रस मात्र यादीत शोधावा लागतो. अशा गोळ्यांच्या वजनाचा साधारण निम्मा भाग साखरेचा असतो.

आता थोडे गणित. पदार्थात वरून घातलेली साखर, तसेच मध, पाक आणि फळांचा रस यांतली साखर, या सर्वांना मिळून 'मुक्त शर्करा' म्हणतात. दिवसभराच्या एकूण ऊर्जेच्या १० टक्क्यांहून कमी ऊर्जा मुक्त शर्करेतून यावी, ५ टक्क्यांहून कमी आली तर अधिक चांगले, असे जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ साली सांगितले. तुम्हाला दिवसाला सुमारे २००० किलोकॅलरी लागतात असे धरू. त्यांचे १० टक्के म्हणजे २००. एक ग्रॅम साखरेतून ४ किलोकॅलरी मिळतात. म्हणून मर्यादा झाली ५० ग्रॅम. शंभर ग्रॅमचे एक पाकीट संपविले की दिवसाचा सारा वाटा संपला! चहा, बिस्किटे, सरबत हे सगळे अजून बाकीच आहे.

मग साखर कमी का करू नये? येथेच खरी गंमत आहे. साखर किती कमी करता येईल हे आपल्या इच्छेवर नव्हे, तर रस कशाने घट्ट केला आहे त्यावर अवलंबून असते.

घट्ट झालेल्या रसातले पाणी नाहीसे झालेले नसते. ते तेथेच असते, परंतु अडकलेले असते. जिलेटीन, आगर, पेक्टिन या पदार्थांचे रेणू लांबच लांब साखळ्यांसारखे असतात. गरम पाण्यात या साखळ्या सुट्या होऊन मोकळ्या फिरतात. पाणी थंड होऊ लागले की त्या एकमेकींना पीळ घालतात, ठिकठिकाणी जुळतात आणि सगळ्या भांडेभर एक बारीक जाळे तयार होते. कोळ्याच्या जाळ्यातून पाणी निसटते आणि मासे राहतात. या जाळ्याची छिद्रे इतकी सूक्ष्म असतात की पाणीही निसटत नाही. शंभर भाग पाण्याला एक-दीड भाग आगर एवढ्यावरच वडी उभी राहते. आता जाळे बदलले की सगळे नियम बदलतात.

आगर म्हणजे आपल्या किराणा दुकानात 'चायना ग्रास' या नावाने मिळणारे पांढरे धागे किंवा भुकटी. नाव गवताचे असले तरी ते समुद्रातल्या लाल शैवालांपासून काढतात. तमिळनाडूच्या रामनाथपुरम किनाऱ्यावर कित्येक स्त्रिया उथळ समुद्रात बुड्या मारून असे शैवाल गोळा करतात. रासायनिक दृष्ट्या आगर हे एक कर्बोदक आहे, पण आपल्या आतड्यात ते पचत नाही.

त्याची वडी अशी करावी. दीडशे मिलिलिटर पाण्यात चार ग्रॅम, म्हणजे सपाट भरलेले दोन चहाचे चमचे, आगर भुकटी घालून दहा मिनिटे भिजू द्यावी. (धागे असतील तर तेवढेच वजन घेऊन बारीक कातरावे आणि अर्धा तास भिजवावे.) मग मोठ्या माणसाला जवळ उभे करून मंद आचेवर ढवळत दोन-तीन मिनिटे चांगले उकळावे. एकही कण दिसता कामा नये. त्यात दोन मोठे चमचे, साधारण ३० ग्रॅम, साखर विरघळवून भांडे खाली उतरवावे. आता दीडशे मिलिलिटर संत्र्याचा ताजा रस त्यात ओतून झटपट ढवळावे आणि तूप लावलेल्या ताटलीत किंवा बर्फाच्या साच्यात ओतावे. वीस-पंचवीस मिनिटांत वड्या थिजतात.

रस शेवटी, आणि तोही आचेवरून उतरवल्यावर का घालायचा? एक कारण तुम्ही ओळखले असेल: क जीवनसत्त्व उष्णतेने नष्ट होते. दुसरे कारण मला फजिती होऊन कळले. पहिल्या वेळी मी आमसुलाचे दाट पाणी आणि आगर एकत्रच घालून चांगले पंधरा मिनिटे उकळले होते. रंग फार सुरेख आला, पण रात्रभर फ्रीजमध्ये ठेवूनही ताटलीत वडीऐवजी पळीवाढी लापशी! झाले असे, की आमसुलाच्या आम्लाने गरमागरम पाण्यात आगरच्या साखळ्या तोडून टाकल्या. तुकडे आखूड झाले की जाळे कसले विणणार? हीच चूक लिंबू आणि आवळ्याच्या बाबतीतही होते.

रस मात्र फ्रीजमधला गार नसावा. उकळते मिश्रण ९५ अंश सेल्सियस आणि रस २८ अंशांचा असेल, तर समान भाग मिसळल्यावर तापमान साधारण ६० अंश होते. आगर ४० अंशांच्या खाली येईपर्यंत थिजत नाही, म्हणून ढवळायला वेळ मिळतो. अगदी गार रस ओतला तर जेथे त्याची धार पडते तेथेच गुठळ्या होतात.

ही वडी खाल्ल्यावर तुमच्यापैकी पुष्कळजण तक्रार करतील, की ती दुकानातल्यासारखी ताणत नाही, कडकन तुटते. तक्रार बरोबर आहे. आगरचे जाळे ताठ असते. तो लवचीकपणा जिलेटिनाचा. जिलेटीन हे प्राण्यांची कातडी व हाडे यांतल्या कोलॅजेनपासून मिळणारे प्रथिन आहे. म्हणूनच अशा पाकिटावर हिरव्या ठिपक्याऐवजी चौकोनातला तपकिरी त्रिकोण असतो. तुमच्या घरी चालत असेल तर शंभर मिलिलिटर द्रवाला सात-आठ ग्रॅम जिलेटीन घ्यावे, थंड पाण्यात फुलवावे आणि नुसते कोमट करून विरघळवावे, उकळू नये.

या दोन जाळ्यांतला फरक पाहण्यासाठी एक प्रयोग करा. तीन पेल्यांवर क, ख, ग अशा चिठ्ठ्या लावा. 'क'मध्ये जिलेटीन आणि कच्च्या, म्हणजे न उकळलेल्या, अननसाचा रस. 'ख'मध्ये जिलेटीन आणि पाच मिनिटे उकळून निववलेला अननसाचा रस. 'ग'मध्ये आगर आणि कच्चा रस. कच्चा रस घालण्यापूर्वी दोन्ही मिश्रणे हाताला सोसवतील इतकी निवलेली, पण पातळ असावीत. तिन्ही पेले फ्रीजमध्ये ठेवा.

सकाळी पाहाल तर 'ख' आणि 'ग' थिजलेले असतील. 'क' मात्र पाण्यासारखा पातळ! अननसाच्या रसात ब्रोमेलेन नावाचे विकर, म्हणजेच एंझाइम, असते. ते प्रथिनांच्या साखळ्या कातरते. जिलेटीन प्रथिन असल्याने त्याचे जाळे बनतच नाही. उकळल्यावर ब्रोमेलेन निकामी होते, म्हणून 'ख' थिजला. आणि आगर प्रथिनच नसल्याने ब्रोमेलेनची कात्री त्यावर चालत नाही. कच्च्या पपईतही असेच पपेन नावाचे विकर असते. मटण मऊ शिजावे म्हणून त्याला कच्च्या पपईचा कीस का चोळतात, हे आता कोणाला सांगायला नको.

दुसरी परीक्षा उष्णतेची. जिलेटिनाचा आणि आगरचा एकेक तुकडा ४० अंशांच्या पाण्यात टाका. पहिला काही मिनिटांत विरघळेल, दुसरा तसाच राहील. कारण आगर एकदा थिजले की सुमारे ८५ अंशांपर्यंत वितळत नाही. ४० अंशांखाली थिजणारा पदार्थ वितळायला ८५ अंश मागतो, ही आगरची मोठी विलक्षण खोड आहे. जिलेटीन आपल्या शरीराच्या ३७ अंशांतच वितळते, म्हणून ती गोळी जिभेवर विरघळते.

नेमक्या याच दोन अडचणी १८८१ साली बर्लिनमध्ये रॉबर्ट कॉख यांच्या प्रयोगशाळेत उभ्या होत्या. रोगजंतू वाढविण्यासाठी जिलेटीन घातलेले पोषकद्रव्य वापरीत. परंतु ३७ अंशांच्या उबेत ते वितळे, आणि काही जंतू तर आपल्या विकरांनी जिलेटीनच खाऊन टाकीत. तेथे काम करणारे वाल्टर हेसे यांनी आपल्या पत्नीला, फॅनी हेसे यांना विचारले, की तुझी जेली उन्हाळ्यातही कशी टिकते? त्या जेलीला आगर वापरीत. जावा बेटावर राहून आलेल्या ओळखीच्या कुटुंबाकडून त्यांना हे कळले होते. ही युक्ती प्रयोगशाळेत गेली. क्षयाच्या जंतूवरील १८८२ सालच्या निबंधात कॉख यांनी आगरचा उल्लेख केला. फॅनी हेसे यांचे नाव मात्र त्यात नाही. आजही जगभर जंतू आगरवरच वाढवतात.

तिसरे जाळे पेक्टिनचे. ते फळांतच असते; पेरू आणि कवठ यांत भरपूर. १८२५ साली फ्रान्समध्ये आंरी ब्राकोनो यांनी ते वेगळे केले. गोव्यात नाताळला पेरूच्या गराची 'पेराद' करतात, ती म्हणजे एका परीने जुन्या काळची गमीच. पण पेक्टिनच्या साखळ्या एकमेकींना दूर लोटतात, शिवाय पाण्याला घट्ट धरून बसतात. लिंबाच्या आम्लाने त्यांचे लोटणे थांबते, आणि त्यांच्याभोवतीचे पाणी ओढून घेण्याचे काम साखर करते. त्यासाठी साखर साधारण ६० टक्क्यांवर जावी लागते. म्हणून पेरादीतली साखर कमी करू म्हटले तर ती थिजतच नाही. इतक्या साखरेत जंतूंनाही पाणी मिळत नाही, त्यामुळे पेराद महिनोन् महिने टिकते. आमच्या संत्र्याच्या वडीला मात्र फ्रीजमध्ये तीनच दिवस द्या. साखर काढली की टिकाऊपणाही जातो. दोन्ही हातांत लाडू नाहीत!

आता हिशेब करू. आपल्या सुमारे ३२० ग्रॅम मिश्रणात ३० ग्रॅम साखर आणि रसातली १२-१३ ग्रॅम, म्हणजे एकूण १४ टक्क्यांच्या आसपास. दुकानातल्या गोळीच्या मानाने हे एक-तृतीयांशाहून कमी झाले. फायदा आहे, परंतु वडी साखरमुक्त नाही. साखरेऐवजी मध किंवा गूळ घातल्याने तिची गणना बदलत नाही. आणि एक वर्षाखालील बाळाला तर मध मुळीच देऊ नये, त्यातून बोट्युलिनम जंतूंचे बीजाणू जाण्याचा धोका असतो. नुसता रस घेण्याऐवजी आंब्याचा किंवा पिकलेल्या पेरूचा गर घातला तर चोथाही पोटात जातो आणि साखर आणखी कमी पुरते. पेरूत क जीवनसत्त्व संत्र्याच्या कित्येक पट असते, हे ध्यानात ठेवण्याजोगे आहे.

धाकट्या भावंडांना वड्या देण्यापूर्वी एक गोष्ट सांगितलीच पाहिजे. गुळगुळीत, लवचीक तुकडा लहान मुलाच्या घशात घट्ट बसू शकतो. कोंजॅक नावाच्या कंदाच्या पिठाने घट्ट केलेल्या छोट्या कपांतल्या जेलीने मुले गुदमरल्यामुळे युरोपीय संघाने २००२ साली अशा जेलीत कोंजॅक वापरण्यास बंदी केली. तेव्हा पाच वर्षांखालील मुलाला अख्खी वडी देऊ नका. किसून किंवा कुस्करून द्या, आणि बसवून भरवा, पळता पळता नव्हे. औषधाच्या दुकानातल्या जीवनसत्त्वांच्या गमी तर त्यांच्या हाताला लागेल अशा जागी ठेवूच नयेत. अ आणि ड ही जीवनसत्त्वे शरीरात साठतात. खाऊ समजून मूठभर खाल्ली तर अपाय होतो.

शेवटी एक कोडे. शहाळ्याचे पाणी आणि कोकम असे पांढरे-लाल दोन थर असलेली आगरची वडी करायची आहे. पहिला थर पूर्ण थिजून थंड झाल्यावर त्यावर दुसरा ओतला, तर कापताना दोन्ही थर सुटे होतात. पहिला थर नुकताच धरू लागला असताना, बोट लावले की किंचित चिकटेल अशा अवस्थेत दुसरा ओतला, तर मात्र ते एकजीव होतात. असे का होत असावे? जिलेटिनाच्या वडीत ही घाई का करावी लागत नाही? दोन्ही करून पाहा. दुसरा थर ओततानाचे तापमान मात्र वहीत टिपून ठेवा. उत्तर त्या आकड्यातच सापडेल.